जुन्या भोकांतून घातलेला दोरा

मी तोंडानं एक शब्दही खोटा बोलले नाही. नुसती मान हलवली. पण त्या एका मान हलवण्यानं मला तीन दिवस घरात एका जागी टिकू दिलं नाही, आणि अजूनही दुपारी हात रिकामे झाले की तेच सगळं पहिल्यापासून सुरू होतं. म्हणून लिहायला घेतलं. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढची शाळा नदीपलीकडच्या गावाला होती आणि घरी धाकटी भावंडं होती. पण वाचायची सवय सुटली नाही, आणि अक्षर बरं आहे. घरात युनियनच्या कोऱ्या डायऱ्या पडून असतात, त्यातली एक घेतली. ह्यांनी विचारलं तर सांगते, मापं लिहितेय.

झाशीला मी लग्न होऊन आले. हे रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होते, आता रिटायर झाले. सीपरी बाजारात आमचं दोन खोल्यांचं घर आहे. मी शिवणकाम करते, पण मशीनवरचं थोडं. रफू, रजया, गोधड्या, फाटक्या शालींचे काठ, अशी हातसुईची कामं माझ्याकडे येतात. बोर्ड लावलेला नाही. हे म्हणतात, "लाव की एखादा. लोकांना कळणार कसं?" पण लोक ओळखीनं येतात तेवढे पुरे होतात. नवीन माणूस दारात आलं की माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघायलाच वेळ लागतो.

काकी म्हणजे बडा बाजाराच्या मागच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या बाई. नात्यानं माझ्या कोणी नव्हेत, सगळे मराठी लोक त्यांना काकीच म्हणतात. त्यांचं घराणं कैक पिढ्या झाशीत आहे. आमच्यासारख्या रेल्वेवाल्यांना त्या अजून म्हणतात, "तुम्ही बदलीची माणसं." मला इथं येऊन तीस वर्षं होऊन गेली, तरी मी बदलीचीच. पण वर्षाकाठी चार-सहा वेळा त्या बोलावतात, काम देतात, समोर बसवून खायला घालतात. या शहरात माझ्याशी तासभर मराठी बोलणारं ते एक घर आहे. हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही.

दसरा झाल्यावर त्यांनी मला बोलावलं आणि पत्र्याच्या पेटीतून एक गाठोडं काढलं. आत त्यांच्या घरची रुईबंडी होती. हे नाव मी त्यांच्याच घरात ऐकलं. बायकांनी घालायची, पूर्ण बाह्यांची, पुढून बंदांनी बांधायची, कमरेखाली चार बोटं येणारी बंडी. बाहेरून वांगी रंगाचं मशरू, म्हणजे वरून रेशीम आणि अंगाकडून सूत असलेलं जुनं कापड. आत लाल खारव्याचं अस्तर. दोन्हींच्या मधे रुई, म्हणजे पिंजलेला कापूस, आणि तो हलू नये म्हणून सगळ्या अंगभर बारीक धावदोरा घातलेला. समोर शंकरपाळे, बाह्यांवर पानं, पाठीवर एक मोठी कोयरी. गळ्याला आणि मनगटाला कलाबतूची, जरीच्या तारेची वेल, अजून मधेमधे चमकणारी.

त्या घरात थंडीत बाळंत होणारी प्रत्येक बाई सव्वा महिना ही बंडी घालते. झाशीची थंडी हाडात शिरते, आणि बाळंतिणीला वारं लागू नये. काकींनी घातली, त्यांच्या सासूबाईंनी घातली, सासूबाईंच्या सासूबाईंनीही. छातीशी आतून दुधाचे पिवळे डाग आहेत. ते कोणाचे कोण सांगणार.

"नातसुनेचं दुसरं बाळंतपण आहे, पौषात," काकी म्हणाल्या. "पहिलं माहेरी उन्हाळ्यात झालं. हे इथं. बंडी नीट करून दे मला."

त्या "नीट करून दे" मध्ये पुढचं सगळं आलं.

बंडी घरी आणून उजेडात धरली. रुईचे गोळे होऊन सगळी रुई खालच्या घेराशी साचली होती. खांद्यापाशी नुसतं कापडाला कापड. दोरा जागोजागी तुटलेला. आमच्या इथं थंडीच्या आधी घरोघरी काय करतात? रजई उसवतात, रुई धुनियाकडे, म्हणजे पिंजाऱ्याकडे नेतात, पिंजून पुन्हा भरतात. मी दर वर्षी कितीतरी रजयांचं हेच करते. मला दुसरं काही सुचलंच नाही. मी धावदोरा उसवायला घेतला.

आठ दिवस उसवत होते. सुईच्या टोकानं एकेक टाका उचलायचा. दोरा इतका कुजलेला की ओढला तर पीठ. कलाबतूला हात लावला नाही, ती वरच्या कापडाला धरून होती. उसवताना एवढं दिसलं की पाठीचा दोरा जाड आणि पिळाचा होता आणि बाह्यांतला बारीक. दिसलं आणि मी पुढं गेले. काढलेल्या दोऱ्याचा मूठभर चुरा झाला. सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली, त्यात टाकला.

रुई घेऊन मी दतिया गेटाजवळच्या म्हाताऱ्या धुनियाकडे गेले. आता सगळ्यांकडे मशीन आहे, पण एवढीशी जुनी रुई मशीनमध्ये उडून जाईल म्हणून मी त्याला हातानं धुनकीवर धुनायला सांगितलं. त्यानं चिमूटभर रुई बोटांत चोळली. आत सरकीचे काळे कण होते.

"अम्मा, यह रुई नहीं है, राख है," तो म्हणाला. "किस ज़माने की उठा लाई हो?"

"अपने हाथ की चीज़ नहीं है भैया. धीरे से धुनना."

"धीरे से? यह तो फूँक से उड़ जाएगी." पण त्यानं केलं. अर्धी हाती लागली. अर्धी नवी घातली.

आणि मग ते काम, जे मला अजून कोणाला सांगता आलेलं नाही. बंडीत रुई अंथरून वर कापड ताणलं, तर मशरूवर सगळी भोकं दिसत होती. जुन्या सुईची. शंकरपाळे, पानं, कोयरी, सगळं भोकांनी लिहिलेलं. दोरा नव्हता, पण वाट होती. मी सीपरीतून पांढरं सुती रीळ आणलं, चहाच्या पाण्यात आणि डाळिंबाच्या सालीच्या पाण्यात आलटून पालटून बुडवलं, रंग जुन्यासारखा होईतो. सर्वांत बारीक सुई घेतली. आणि त्याच भोकांतून दोरा घालत गेले. नवीन भोक एकही पाडायचं नाही, असं मनाशी धरलं होतं. कधी कधी एका भोकाच्या शेजारी दुसरं भोक असायचं, केसाइतकं अंतर. मग मी जास्त झिजलेलं निवडायची. दिवाळीच्या आधी काम झालं. मी ती अंगाला लावून पाहिली, आरशात नाही, नुसती लावून. उबदार होती.

काकींनी उलटसुलट पाहिली आणि म्हणाल्या, "छान. होती तशी झाली." त्यांनी मला वाटीभर अनारसे बांधून दिले.

इथवर सगळं ठीक होतं. पण नातसून ग्वाल्हेरची, शिकलेली. मराठी समजते, बोलते हिंदी. तिनं बंडीचे फोटो मोबाइलवर टाकले. ते कोणी कोणी पाहिले, आणि तुळशीचं लग्न झाल्यानंतर लखनौहून एक मॅडम आल्या. तिथल्या एका संग्रहालयात त्या जुन्या कपड्यांचं जतन करायचं काम करतात. बायकांच्या रोजच्या कपड्यांचं एक दालन त्यांना मांडायचं होतं. राण्यांचे कपडे खूप आहेत, म्हणाल्या, घरातल्या बायकांचे उरतच नाहीत, कारण फाटेपर्यंत वापरतात. बाळंतपणाला बंडी लागणार होती, तरी लखनौचं नाव ऐकून काकी ती द्यायला तयार झाल्या.

काकींनी मला बोलावलं, कारण बंडी न्यायला मलमलची पिशवी आणि आत घालायला मऊ गुंडाळी शिवून हवी होती.

मी गेले तेव्हा मॅडम पांढऱ्या चादरीवर बंडी पसरून बसल्या होत्या. निळे पातळ हातमोजे, कपाळावर दिवा, हातात भिंग. पस्तिशीच्या असतील. बंडीला त्या असा हात लावत होत्या जसा तापातल्या मुलाला लावतात.

"अम्मा जी, यह तगाई देखिए," धावदोऱ्यावर बोट धरून त्या काकींना म्हणाल्या. "इतना पुराना धागा और एक भी टाँका टूटा नहीं. मैंने आज तक ऐसी हालत में नहीं देखी. जिसने भी यह की होगी, कमाल की औरत रही होगी."

मी दाराशी उभी होते. माझे कान तापले. आयुष्यात माझ्या कामाला इतकं कोणी नावाजलं नव्हतं, आणि मॅडम नावाजत होत्या ते एका मेलेल्या बाईला.

"किसी ने छेड़ा तो नहीं इसे? मरम्मत वगैरह?" मॅडमनी विचारलं.

"ना," काकी ठसक्यात म्हणाल्या. "हमारे घर में किसी ने एक सुई नहीं लगाई. जैसी थी वैसी है. इनसे पूछिए, ये तो खुद कारीगर हैं."

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. नातसून मोबाइल धरून उभी होती, तिनंही पाहिलं. मी मान हलवली.

मॅडम म्हणाल्या, "बहुत अच्छा," आणि वहीत लिहिलं. मग सांगू लागल्या की हा दोरा त्या विद्यार्थिनींना दाखवतील, त्या काळी बायका घरी किती एकसारखं सूत कातत ते. मला सीपरीतलं दुकान दिसत होतं, काउंटरवरचा रिळांचा डबा, आणि दुकानदार म्हणतोय, "यह वाला ले जाइए, पक्का है."

मॅडम तीन दिवस झाशीत राहणार होत्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळच्या गाडीनं बंडी जाणार होती.

घरी येऊन मी मलमल धुवायला टाकली. मॅडमनी सांगितलं होतं, खळ पूर्ण निघायला हवी, खळीला किडे लागतात. तीनदा धुतली. चौथ्यांदा धुवायला घेतली तेव्हा हे म्हणाले, "अगं, कापड आहे की पाप आहे ते?"

मी सांगितलं त्यांना. सगळं नाही, अर्धं.

"मग झालं काय?" हे म्हणाले. "चांगलं काम केलंस म्हणूनच ओळखू आलं नाही. वर्कशॉपात आम्ही बोगीचा अर्धा सांगाडा बदलायचो, नंबर तोच राहायचा. कोण विचारतंय?"

"त्या तिथं लिहून लावणार आहेत. शंभर वर्षांपूर्वीचा दोरा म्हणून."

"लावू देत. तुझं काय जातं?"

माझं काय जातं ते मला सांगता येईना. त्या दिवशी वरणात दोनदा मीठ पडलं. हे ताकाबरोबर जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकींकडे जायला निघाले. ठरवलं होतं, काकींना एकटं गाठून सांगायचं. त्या म्हणतील तसं करायचं. ऑटोतून उतरले, गल्लीच्या तोंडापर्यंत गेले आणि तिथं बांगड्यांच्या दुकानासमोर उभी राहिले. काकींनी मॅडमना सांगितलं होतं, सुई लागली नाही. मी आता सांगितलं तर त्या पाहुणीपुढे खोट्या पडतात. ऐंशीच्या घरातली बाई, माझ्यामुळे. आणि नाही सांगितलं तर? बांगडीवाल्यानं विचारलं, "क्या दिखाऊँ बहनजी?" मी घाबरून परतले. दुपारी पुन्हा गेले, तेव्हा दारापर्यंत. आतून काकींचं हसणं ऐकू येत होतं. शेजारणींना बोलावून त्या बंडी दाखवत होत्या. "लखनऊ जा रही है हमारी बंडी," असं म्हणत होत्या. मी कडीला हात लावला आणि काढला.

दोनदा जाऊन परत आले, ते कशाच्या भीतीनं हे मी नंतर पुष्कळ उलटंसुलटं करून पाहिलं. काकी रागावतील ही भीती होतीच. पण आणखी एक अडचण होती आणि तिची लाज वाटत होती. मी सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की तुम्ही ज्या कमाल बाईला नावाजलंत ती मी. गुन्हा कबूल करावा तर तो मिरवल्यासारखा होत होता. ते वाक्य मी ऑटोत मनात कितीतरी तऱ्हांनी बोलून पाहिलं, आणि प्रत्येक तऱ्हेत मी कौतुक मागणारी बाई वाटत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी पिशवी आणि गुंडाळी घेऊन गेले. गुंडाळी म्हणजे कापसाची लांबट उशी. ती बाह्यांत आणि पाठीत घालायची, म्हणजे कापडाला घडी पडत नाही. घडी पडली की रेशीम तिथंच तुटतं. मॅडम मला शिकवत होत्या. डांबराच्या गोळ्या नकोत, लोखंडी पेटी नको, ऊन नको. "हमारा काम नया करना नहीं है दीदी," त्या म्हणाल्या. "जो है उसे और बिगड़ने नहीं देना. और अगर एक टाँका भी डालना पड़े तो लिखकर रखते हैं कि यह हमने डाला, इस दिन डाला. वरना बाद वालों को धोखा हो जाएगा."

माझ्या मांडीवर रीळ होतं. सुई ओवलेली होती. हात थांबला.

"मैडम, यह धागा मेरा है."

"तो रख लीजिए ना," त्या हसून म्हणाल्या. त्यांना वाटलं मी मांडीवरच्या रिळाचं म्हणतेय.

"यह नहीं. बंडी का. बंडी में जो है."

त्यांना कळेना. मग मी बंडीच्या डाव्या बाहीशी, काखेजवळ, माझा शेवटचा टाका दाखवला. मी गाठ मारत नाही. माझ्या आईनं शिकवलं तसे दोन उलटे टाके घालून दोरा आत लपवते. सुईच्या टोकानं ते टोक बाहेर काढलं. आतलं टोक पांढरंफेक होतं, तिथं चहा पोचला नव्हता.

मॅडमनी भिंग खाली ठेवलं. "कब?"

"दशहरे के बाद."

"कितना?"

"पूरा. पीठ, बाहें, सब. रुई भी धुनवाई. आधी नई है."

"और पुराना धागा?"

"कचरे की गाड़ी ले गई."

त्यांनी डोळे मिटून कपाळावरचा दिवा काढला. तो बंद करून बाजूला ठेवला. मला वाटलं ओरडल्या तर बरं. मग म्हणाल्या, "उस दिन आपने सिर हिलाया था."

"हाँ."

तेवढ्यात काकी चहाचा ट्रे घेऊन आल्या. नातसून मागून बिस्किटं घेऊन. मॅडमनी विचारलं, "अम्मा जी, आपने कहा था सुई नहीं लगी?"

काकींनी माझ्याकडे पाहिलं, बंडीकडे पाहिलं. ट्रे टेबलावर ठेवला.

"सुई कहाँ लगाई? रुई धुनवाई है. आपके लखनऊ में रज़ाई की रुई नहीं धुनवाते?"

"धुनवाते हैं."

"तो फिर? उसको मरम्मत बोलते हैं क्या?"

"पर तगाई तो पूरी उधेड़ी ना, अम्मा जी."

"उधेड़े बिना रुई कैसे निकलेगी? मुँह से?"

नातसुनेला हसू आलं, तिनं तोंडावर हात ठेवला. मॅडमना हसू आलं नाही. पण त्यांनी वही ओढली. "इससे पहले भी धुनवाई थी कभी?"

"मेरी पहली जचकी से पहले मेरी सास ने धुनवाई. उनके टाइम उनकी सास ने. कोई बैठेगी थोड़ी गुठली पहनकर."

काकी खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांच्या लेखी रुई पिंजणं म्हणजे कपडा उन्हात घालण्यासारखं. पण हे मॅडमना समजावताना त्यांचा आवाज चढत गेला, आणि मग त्या माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "मान हलवलीस ना? मग गप्प राहायचं होतं. नाहीतर तेव्हाच बोलायचं, माझ्या कानात तरी. परवा माझा चहा पिऊन गेलीस, मग आज परक्यांसमोर मला खोटी पाडायचं कुठून सुचलं?"

"काकी, मी काल आले होते. दारापर्यंत."

"दारापर्यंत आलीस म्हणजे आलीस होय? दार उघडायला हात नव्हते?"

मी मांडीवरचं रीळ खाली ठेवलं.

मॅडम मात्र आता वेगळ्याच घाईत होत्या. त्यांनी मला विचारायला सुरुवात केली. काढलेला दोरा कसा होता, किती जाड, पीळ कोणत्या बाजूचा, रुईत काय होतं, अस्तराच्या आतून काही लिहिलेलं, शिवलेलं होतं का. मी सांगत गेले. पाठीचा दोरा जाड, बाह्यांचा बारीक. सरकीचे कण. भोकांच्या शेजारची भोकं.

"कौन सी भोकं?" त्यांनी माझाच शब्द उचलला.

मी कोयरीच्या टोकाशी दाखवलं. त्यांनी भिंग लावलं, दिवा पुन्हा कपाळावर चढवला, आणि किती तरी वेळ तशाच वाकून राहिल्या. "यह मुझे नहीं दिखा था," त्या हळूच म्हणाल्या. "आपसे पहले वाली का निशाना चूका है यहाँ."

तो दोरा मी कचऱ्यात घातला नसता तर त्यांना मला विचारावंच लागलं नसतं. आता तो कसा होता हे जगात मलाच ठाऊक होतं, आणि मी तो नीट पाहिलाही नव्हता. जाड की मध्यम? पीळ डावा की उजवा? प्रत्येक प्रश्नाला मी हातानं हवेत दोरा वळून पाहत होते. दोनदा म्हणाले, "पता नहीं." एकदा काहीतरी सांगून टाकावंसं वाटलं. नाही सांगितलं.

मॅडमनी बाहेर जाऊन फोन केला. परत आल्या आणि म्हणाल्या की बंडी न्यायचं ठरलं आहे, पण मांडतील की नाही ते वरचे लोक ठरवतील. आधी लिहिलेलं कार्ड त्यांनी फाडलं आणि दुसरं लिहायला घेतलं. लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणत होत्या, कापड जुनं, जरीचं काम जुनं, धावदोरा आणि अर्धी रुई यंदाच्या थंडीआधीची, झाशीत, जुन्या भोकांतून. मग पेन थांबवलं.

"नाम क्या लिखूँ? किसने किया?"

"नाम रहने दीजिए," मी म्हणाले.

काकी खिडकीशी पाठ करून बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "क्यों रहने दीजिए? लिखिए उसका नाम. काम उसका, तो नाम भी उसका. हमारी सास की सास के मत्थे क्यों मढ़ते हो?"

हे त्यांनी रागानं म्हटलं की आणखी कशानं, मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. मी नाव सांगितलं. इतकं हळू की मॅडमना दोनदा विचारावं लागलं, आणि दुसऱ्या वेळी नातसुनेनं मोठ्यानं सांगितलं.

मग बाह्यांत गुंडाळ्या घातल्या, मऊ कागद घातला, मलमलच्या पिशवीत बंडी ठेवली, पिशवी पुठ्ठ्याच्या पेटीत. मॅडम ऑटोत पेटी मांडीवर घेऊन बसल्या. जाताना मला म्हणाल्या, "दीदी, अगली बार बचा हुआ धागा फेंकिएगा मत." राग होता त्यात, पण अगली बार असंही म्हणाल्या.

ऑटो गेल्यावर मी चपला घातल्या. काकी आत निघून गेल्या होत्या. त्यांच्याकडून सवाष्ण कधी कपाळ कोरं घेऊन निघत नाही. दर वेळी मी उंबऱ्याशी थांबते आणि त्या करंडा घेऊन येतात. त्या दिवशी कोणी आलं नाही. मी एक पायरी उतरले. मग दुसरी. वाटलं, संपलं, आता या घरी आपलं येणं नाही.

"थांब."

काकी दारात आल्या. धाप लागली होती. "कुंकू लावल्याशिवाय कुठं निघालीस? मला राग आला म्हणून काय घरची रीत मोडू?"

त्यांनी बोट दाबून कुंकू लावलं, रोजच्यापेक्षा जोरात. माझ्या कपाळाकडे पाहत होत्या, डोळ्यांकडे नाही. मी वाकून नमस्कार केला. दर वेळी त्या म्हणतात, "पुन्हा ये गं." त्या दिवशी तेवढं म्हणाल्या नाहीत.

याला आता तीन आठवडे झाले. पौष लागला. नातसुनेचे दिवस भरत आले असतील, आणि घालायला बंडी नाही. मी मऊ मलमलीची एक साधी बंडी बेतून ठेवली आहे, आत घालायला नवी रुईही आणली आहे. शिवू की नको कळत नाही. न मागता नेली तर काकी काय म्हणतील? काल बडा बाजारात गेले होते, दुसऱ्याच कामाला. गल्लीच्या तोंडाशी पाय अडले. बांगडीवाल्यानं ओळखलं आणि म्हणाला, "आज भी कुछ नहीं लेंगी?" मी मान हलवून नाही म्हटलं आणि ऑटोत बसले. उद्या पुन्हा तिकडून जायचं आहे. या वेळी दारापर्यंत जाऊन परत फिरायचं नाही, एवढं ठरवलं आहे. कडी वाजवायची.